तुम्ही विचारलंत म्हणून: पैसा कुठून यायचा

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात: सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या तुमच्या आंदोलनाला पैसा परदेशातून यायचा का? दोंडाईच्याच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेले पाहुणे विचारतात. शाळेत नव्यानं लागलेले सर मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता विचारतात. धुळ्याचा मावसभाऊ दर दिवाळीला विचारतो, आणि अहिराणीतच विचारतो, "तुमना आंदोलनले पैसा कथाईन ये, भो?" फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते, परदेशातल्या एका गायिकेनं आणि स्वीडनच्या एका मुलीनं त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, आणि राज्यसभेत 'आंदोलनजीवी' हा शब्द उच्चारला गेला. त्याच आठवड्यात पुण्याहून पुतण्याचा फोन आला, "काका, तुमच्या वेळीपण टूलकिट होतं का?" टूलकिट म्हणजे आंदोलन कसं करायचं याच्या सूचनांचा कागद.

मी तीस वर्षं एकच उत्तर देत आलो, "एक पैसा नाही." ते खरं आहे. पण ते अर्धं उत्तर आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही पैशाबद्दल विचारता म्हणून मी पैशाबद्दल सांगतो आणि सुटतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. घरात बसून जुने कागद चाळताना एक वही हाती लागली, आणि आता सुटून जाणं जमत नाही.

आधी तुमचाच प्रश्न. मी नर्मदा बचाओ आंदोलनाचा पदाधिकारी नव्हतो, हिशेबनीस नव्हतो, पूर्णवेळ कार्यकर्ताही नव्हतो. १९८९ पासून चारपाच वर्षं, बोलावणं आलं की दुभाष्या म्हणून जायचो, एवढंच. आंदोलन परदेशी निधी घेत नाही असं ते स्वतः सांगत आलं, आणि मी जे पाहिलं त्यात डॉलर कुठं दिसला नाही. दिसली ती घरटी गोळा केलेली ज्वारी, एसटीच्या टपावर बांधलेली पोती, आणि रात्री कंदिलाखाली कुणीतरी लिहीत बसलेला चहासाखरेचा जमाखर्च. मला स्वतःला मिळाली ती भाकर, उडदाची डाळ आणि एकदा पायातली चप्पल तुटली तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी चप्पल.

आता मी विचारतो. डॉलर आले होते, आणि ते कुठं आले हे तुम्ही कधी विचारलंत का? १९८५ साली जागतिक बँकेनं सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर कबूल केले. टर्बाइनसाठी जपाननं येन द्यायचं ठरवलं, यंत्रं जपानी कंपन्यांची. महाराष्ट्रातली ३३ गावं ज्या पाण्याखाली जाणार होती त्या पाण्यामागं वॉशिंग्टनचा पैसा उभा होता. म्हणजे अक्राणीच्या, आमच्या धडगावकडच्या, डोंगरात परदेशी हात पहिल्यांदा शिरला तो धरणाच्या भिंतीसोबत. आम्ही त्या हाताच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत गेलो. घर परदेशात होतं म्हणून परदेशात जावं लागलं. पंगतीत हे कुणी विचारत नाही. माझा निम्मा संताप यातच आहे.

आणि हे 'बाहेरचं' म्हणजे तरी काय? खानदेश कधी बंद पेटी होता का? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि आपल्या कापसाचा भाव चढला, तेव्हा इथल्या शेतकऱ्यानं कापूस विकताना अमेरिका आपली नव्हे असं म्हटलं नाही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तिथं नेहरू अध्यक्षीय भाषणात स्पेनमधल्या लढाईवर बोलले, आणि समोर यावल-रावेरचे शेतकरी बसलेले होते. फैजपूरचा अभिमान आपण आजही सांगतो. शहाद्याला १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली तेव्हा बाहेरून शिकून आलेली पोरं होतीच, पण भजनं गात गावोगाव फिरणारे अंबरसिंग त्यांच्या आधीपासून होते. त्याहून मागं गेलात तर तळोद्याकडं गुलामहाराज होते, ज्यांनी एकमेकांना 'आप' म्हणा, दारू सोडा असं सांगितलं आणि हजारो आदिवासी जमवले. त्यांच्यामागं कोणता देश होता? बाहेरून आलेलं आणि मातीतून उगवलेलं असे दोन ढीग करायला मला सांगू नका. मला ते करता येत नाहीत.

बँकेच्या पैशासोबत बँकेचे नियमही आले होते, हे मात्र तुम्हाला बहुतेक ठाऊक नसेल. विस्थापितांचं पुनर्वसन कसं करायचं याचा बँकेचा स्वतःचा नियम १९८० चा, आदिवासींबद्दलचा १९८२ चा. शिवाय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार होता, जो भारतानं १९५८ मध्ये मान्य केला होता. आदिवासी परंपरेनं ज्या जमिनीवर राहतात त्या जमिनीवरची त्यांची मालकी मान्य करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. अक्राणीत कुणाला हे माहीत होतं? १९७९ च्या नर्मदा पाणीतंटा लवादानं जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताखाली येईल अशी जमीन सांगितली होती, पण आमच्याकडच्या कितीतरी लोकांच्या नावावर सातबाराच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सरकारी कागदावर 'अतिक्रमण' होती. ज्याच्याकडं कागदच नाही त्याला कागदावरची दोन हेक्टर कुठून मिळणार?

त्या कराराची झेरॉक्स मी पहिल्यांदा वाचली ती धडगावच्या आमच्या दुकानात. वडिलांचं किराणा दुकान होतं. मीठ, गूळ, रॉकेल, कुदळीची पाती. बदल्यात मोहफुलं, चारोळी, डिंक. गल्ल्याच्या मागं लाल कापडाच्या चोपड्या, आणि चोपड्यांत अंगठे. मला पावरी, म्हणजे तिथल्या आदिवासींची भाषा, येते ती त्या दुकानातून आली. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्यांचे अंगठे आमच्या चोपड्यांत होते त्यांचाच दुभाष्या होऊन मी गेलो. मी त्या कागदावर बोट ठेवून 'परंपरेनं राहतात' हे शब्द वाचत होतो आणि वडील शेजारी बसून व्याज मांडत होते. त्या दुपारी मला वाटलं, हा कागद जिनिव्हातून आला, पण लिहिलाय तो या दुकानाबद्दल.

तेव्हा परदेशानं आम्हाला काय दिलं याचं माझं पहिलं उत्तर हे. पैसा दिला नाही, धरून बोलता येईल असा कागद दिला. गुजरातेत तर त्याचा रोख फायदा दिसला. आर्च-वाहिनी ही संस्था तिकडच्या विस्थापितांसोबत काम करत होती, इंग्लंडच्या ऑक्सफॅमनं तिचं म्हणणं बँकेपर्यंत नेलं, बँकेनं दाब दिला, आणि डिसेंबर १९८७ मध्ये गुजरात सरकारनं अतिक्रमणदारांना आणि सज्ञान मुलांनाही जमीन कबूल केली. ती मंडळी पुढं धरणाच्या बाजूनं गेली. इकडं उलट झालं. दोनेक वर्षं जमीन दाखवा, जमीन दाखवा म्हणून झाल्यावर ऑगस्ट १९८८ मध्ये आंदोलनानं धरणालाच पूर्ण विरोध जाहीर केला. "कोई नहीं हटेगा, बाँध नहीं बनेगा." रस्ता तोच, वॉशिंग्टनला जाणारा, पण एकीकडं तो जमिनीला पोचला आणि दुसरीकडं नकाराला. परदेशी लोकच ठरवत असते तर दोन्हीकडं एकच ठरलं असतं.

इथपर्यंत मी भांडू शकतो. मनापासून भांडतो. ऑक्टोबर १९८९ मध्ये मेधाताई पाटकर अमेरिकेच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढं बोलल्या, त्यानंतरच्या वर्षी जपाननं हात काढून घेतला, जून १९९१ मध्ये बँकेनं प्रकल्पाच्या स्वतंत्र तपासणीसाठी मोर्स समिती नेमली. आमच्या डोंगरातलं म्हणणं इतक्या लांब जातं हे पाहून चोविसाव्या वर्षी छाती भरून यायची. आता ते सांगतो जे पंगतीत सांगितलं नाही.

जानेवारी १९९२. मोर्स समितीची माणसं त्या हिवाळ्यात खोऱ्यात फिरत होती, पण ही गोष्ट त्यांची नाही. दोन परदेशी पाहुणे आले होते, एका संस्थेसाठी पुस्तिका करायला. संस्थेचं नाव आणि देश सांगत नाही, दोष त्यांचा नाही. एक पन्नाशीच्या बाई आणि कॅमेरा घेतलेला एक तरुण. आंदोलनानं मला पाठवलं नव्हतं. ओळखीच्या एकानं विचारलं, मी हो म्हणालो. धडगावहून जीप जाईल तिथवर गेलो, पुढं पाच तास पायी. उतार इतका की खाली बघितलं की आधी झाडांचे शेंडे दिसतात, मग कौलं, मग पाणी. बाई दर ओहोळावर बाटली भरायच्या, तीत एक पांढरी गोळी टाकायच्या आणि घड्याळ बघत अर्धा तास थांबायच्या, मग प्यायच्या. त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता. एकदाही त्या बसू या म्हणाल्या नाहीत. चांगल्या होत्या हो त्या बाई. हे मला लिहून ठेवायचं आहे.

गावाचंही नाव सांगत नाही. तिथली माणसं आज पुनर्वसनाच्या तीन वसाहतींत विखुरली आहेत आणि त्यातल्या कुणाला हे वाचून लाज वाटावी असं मला करायचं नाही.

दुपार कलली होती. एक आजी कुडाच्या भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. साठीच्या असतील, किंवा पन्नाशीच्याही, सांगता येत नाही. पुढ्यात सूप, सुपाच्या कडेला शेळीचं पिल्लू तोंड घालायला बघायचं आणि आजी न बघता कोपरानं त्याला ढकलायच्या. बाई समोर जमिनीवर बसल्या. त्यांच्याजवळ टाइप केलेल्या प्रश्नांचा कागद होता. घर कुणी बांधलं, मुलं किती, शेतात काय पिकतं, असे तीन झाले. चौथा प्रश्न होता: नदी म्हणजे तुमच्यासाठी काय आहे?

माझ्या पावरीत हा प्रश्न नव्हता. माझी पावरी किलोची, उधारीची, उद्या ये म्हणण्याची. मी जरा अडखळलो आणि विचारलं, "नदीकडं तुझं काय आहे?" दुकानात हेच विचारतात. तुझं काय आहे खात्यावर? आजींनी पहिल्यांदा सुपावरची नजर वर केली. मग शेंगा बाजूला ठेवल्या आणि बोलायला लागल्या. पंधरा-वीस मिनिटं बोलल्या असतील. मी वहीत मराठीत उतरवून घेत होतो, चार पानं झाली. मध्येच त्यांनी दोन बोटं वर केली आणि तशीच हवेत धरून ठेवली, बराच वेळ.

त्या थांबल्या. बाईंनी माझ्याकडं बघितलं. ऊन डोंगरामागं चाललं होतं, तरुण म्हणत होता फोटोला उजेड जातोय. माझं इंग्रजी शहाद्याच्या कॉलेजातलं, पुस्तकी. चार पानं होती, आणि त्या चार पानांत मला जे ऐकायचं होतं ते नव्हतं. उलट त्यात एक वाक्य असं होतं की ते इंग्रजीत गेलं तर आम्ही सगळे जे म्हणत होतो ते खोटं पडेल असं मला वाटलं. मी म्हणालो, "त्या म्हणतात, नदी आमची आई आहे. आईला सोडून आम्ही कुठं जाणार?"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आजींचा हात हातात घेतला. आजी त्यांच्याकडं बघून हसल्या, त्यांना वाटलं आपलं पोचलं. फोटो तेव्हाच निघाला, दोन हात एकमेकांत, खाली तूर.

असं मी का केलं? तीस वर्षांत मी स्वतःला निरनिराळी कारणं दिली. दमलो होतो. वेळ नव्हता. भाषा तोकडी होती. ही सगळी खरी आहेत आणि त्यातलं एकही कारण नाही. कारण हे की त्या बाईंना काय ऐकायचंय ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला ते द्यायचं होतं. त्यांनी मागितलं नव्हतं. मला कुणी शिकवलं नव्हतं. 'मैया' हा शब्द नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांचा, निमाडातल्या घाटांवरचा. आजींच्या तोंडी मी तो त्या दिवशी एकदाही ऐकला नाही. तो माझ्या डोक्यात तयार होता, कारण लांबच्या माणसाला तो लगेच कळतो. सातबारा, अतिक्रमण, एकसाली पट्टा हे समजवायला तास लागतो. आई समजवायला काहीच लागत नाही.

तुम्ही म्हणता परदेशी लोक आंदोलनाला सांगतात काय बोलायचं. नाही सांगत. त्यांना सांगावंच लागत नाही. ऐकणारा समोर बसला की बोलणारा आपोआप त्याच्या कानाच्या मापाचं बोलायला लागतो, आणि दुभाष्या तर त्याहून आधी. माझ्यावर परदेशाचा परिणाम झाला तो असा. पैसे घेतले असते तर निदान पावती राहिली असती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, भरभर सांगतो. जून १९९२ मध्ये मोर्स समितीचा अहवाल आला, बँकेनं मागं पाऊल घ्यावं असं त्यात होतं. मार्च १९९३ संपता संपता भारत सरकारनंच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. धडगावात त्या दिवशी आम्ही गूळ वाटला. मीही वाटला, वडिलांच्या दुकानातला. त्याच पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. नोव्हेंबरात चिंचखेडीला पोलिसांच्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा कोवळा मुलगा गेला. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यातच होतो, आणि धुळ्याला निवेदन घेऊन गेलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आता धरायला काही राहिलेलं नाही. बँक होती तोवर बँकेचा नियम दाखवता येत होता. बँक गेली तसा तो कागदही गेला. भिंत मात्र थांबली नाही. पुढं सुप्रीम कोर्ट, ऑक्टोबर २००० चा निकाल, २०१७ ला दरवाजे बंद होऊन धरणाची उंची १३८.६८ मीटर, हे सगळं देशातच झालं, देशाच्या पैशानं झालं.

म्हणून बँकेला घालवणं चुकलं का? यावर मी आणि चोवीस वर्षांचा मी अजून भांडतो. तो म्हणतो, ज्या पैशानं गावं बुडणार होती तो पैसा थांबवला, जगात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या बँकेला धरणातून बाहेर पडावं लागलं, त्यानंतर बँकेला तक्रारी ऐकणारं स्वतंत्र पॅनेल नेमावं लागलं, दुसऱ्या देशांतल्या माणसांना त्याचा उपयोग झाला. खरं आहे. मी म्हणतो, त्या माणसांना झाला, आपल्या माणसांना पाणी आलं. तो म्हणतो, पाणी बँक असतानाही येणारच होतं. यावर माझ्याकडं उत्तर नाही. त्याच्याकडंही नाही.

१९९४ मध्ये जगभरातल्या शेकडो संस्थांनी बँकेनं मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं म्हणून एक जाहीरनामा काढला. त्याला नाव दिलं मणिबेलीचं. आमच्या तालुक्यांच्या टोकाचं, पाण्याखाली गेलेलं गाव, ते इंग्रजी अक्षरांत बघून अंगावर काटा आला होता. आनंदाचा होता की कशाचा, तेव्हाही कळलं नाही.

त्याच सुमाराला ती पुस्तिका टपालानं आली. गुळगुळीत कागद. आठव्या पानावर आजींचा फोटो, हात हातात, आणि खाली तिरप्या अक्षरात माझं वाक्य. त्यांच्या तोंडी. मी ती पिशवीत घातली आणि परत ती पाच तासांची वाट उतरलो. का गेलो? शाबासकी हवी होती, असं आज वाटतं. आजींचं घर वर सरकलं होतं, जुने सागाचे खांब उपसून टेकाडावर पुन्हा उभे केले होते. खाली जिथं त्या बसल्या होत्या तिथं गाळ होता.

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. सुनेला दाखवला. नातवानं त्यावर बोट फिरवलं. मग त्यांनी खालच्या अक्षरांवर नख ठेवून विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. आई, सोडून जाणार नाही, वगैरे. त्या गप्प राहिल्या. मला वाटलं त्यांना आवडलं. मग विचारलं, "पोरांचं लिहिलंय का?"

मी म्हणालो, नाही.

"जमिनीचं?"

नाही.

त्यांनी पुस्तिका नीट मिटून माझ्या हातात दिली. रागावल्या नाहीत. सुनेला म्हणाल्या, याला भाकर दे, लांबून आलाय. भाकर मी खाल्ली. त्यानंतर मी दुभाष्याचं काम केलं नाही. बी.एड. केलं आणि शहाद्याला शाळेत लागलो. लोकांना वाटलं मी आंदोलनाला कंटाळलो. मी तसं वाटू दिलं, ते सोपं होतं.

हे तीस वर्षं का लिहिलं नाही, तेही सांगतो. लिहिलं की तुमच्यातलाच कुणीतरी म्हणणार, बघा, आदिवासींना जायचंच होतं, शहरातल्या आणि परदेशातल्या लोकांनी त्यांना अडवलं. तसं म्हणायच्या आधी आजींनी काय काय मागितलं होतं ते खाली शेवटी दिलंय, ते नीट वाचा. त्यातलं त्या दिवशी काय मिळालेलं होतं ते विचारा. काही नव्हतं. आजी गेल्या त्या टेकाडावरच्या घरात. मुलाला जमीन मिळाली ती नंतर, वसाहतीत, आणि त्याच्या मावशीच्या मुलांना मिळाली ती दुसऱ्याच वसाहतीत. मुलगा शेवटपर्यंत 'नाही हटणार' म्हणणाऱ्यांत होता, आणि मला वाटतं तो तसा होता म्हणूनच त्याला जमीन मिळाली. म्हणजे जे घोषणेत होतं ते खोटं नव्हतं. त्या घरात दोन्ही होतं, आई आणि मुलगा दोघांचं वेगवेगळं होतं. मी त्यातलं मुलाचं उचललं आणि आईच्या तोंडी घातलं.

मी खरं भाषांतर केलं असतं तर ते छापलं गेलं असतं का, कुणी वाचलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित आठव्या पानावर दुसऱ्याच कुणाचा फोटो आला असता.

ती दोनशे पानी वही माझ्यापुढं आहे. कडांना वाळवी लागली आहे, पण ती चार पानं शाबूत आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून, तेव्हा जसं उतरवलं तसं, फक्त अर्धवट शब्द पुरे करून देतो.

"नदीकडं माझं काय आहे? ती मासे देते. होळीपर्यंत देते, मग कमी. पाणी उतरलं की वाळूत काकड्या लावतो, त्या होतात. ढोरं पितात. तिच्याकडून येतं ते एवढं. तिनं माझी दोन नेली. मोठा पुरात गेला, तो सापडला नाही. धाकटा डोंगीतून पडला, तो सापडला. तेव्हापासून पाऊस लागला की मी खाली जात नाही, सून जाते. शेत वर आहे, माझ्या नवऱ्यानं मोकळं केलेलं. त्याचा कागद नाही. जमीन दाखवायला आम्हाला ट्रकमधून नेलं होतं. सपाट होती, काळी. मला आवडली. पण तिथं आधीच एक जण नांगरत होता. तो दगड घेऊन उभा राहिला. बांधावर त्याची पोरं होती. मग ती जमीन कशी घ्यायची? मी आणि माझी बहीण या एकाच गावात दिलेल्या. दोघींना शेजारी जमीन दिली, कुणी आधी नांगरत नसेल अशी, विहिरीचं पाणी दिलं, ढोरांना चरायला जागा दिली, जवळ दवाखाना दिला, तर मी जाईन. पोरगा म्हणतो जाणार नाही. ते त्याचं. वाघदेव इथं आहे, त्यालाही विचारावं लागेल, आणि ते गावानं विचारायचं, माझ्या एकटीनं नाही. आता तू हिला विचार. ही एवढी लांबून आली. हिच्या गावात नदी आहे का? पुरात यांची पोरं जातात का? गेली तर मग ही माणसं काठावरच राहतात का दुसरीकडं जातात? हे विचार तिला."